माझी एकुलती एक शिकार

आमची नात गेल्या वर्षापासून तिरंदाजीच्या वर्गाला जाते. परवा ती घरी आली ती फुरंगटूनच. सरावात नेमके बसणारे बाण स्पर्धेच्या दिवशी सैरावैरा गेले होते.

"आजोबा, हातच थरथरतो हो!"

"माझाही थरथरला होता," मी बोलून गेलो. सौभाग्यवतींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. जन्मभर फायली हाताळलेल्या या गृहस्थाने धनुष्य कधी धरले, असा तो चेहरा होता. तेव्हा सांगणे भागच पडले.

गोष्ट १९६६ सालची. मी १६ वर्षांचा. आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातच, खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. मामांकडे ठासणीची बंदूक होती. पण मला ओढ लागली होती कातकरवाडीतल्या एका म्हाताऱ्याची. आम्ही मुले त्याला नुसते 'आजा' म्हणत असू. खैराचा कात पाडण्यात त्याची उमर गेली होती, आणि त्याच्यापाशी बांबूचे एक धनुष्य होते. मे महिन्याची सारी सुट्टी त्याने मला केळीच्या खुंटावर बाण मारायला लावले. २० पावलांवरून दहांतले नऊ बसू लागले, तसा मी स्वतःला अर्जुन समजू लागलो. (अर्जुनाचा तो पक्षी कारागिरांनी घडवलेला होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. त्याला उडून जायचे नव्हते!)

एका पहाटे आम्ही उंबराच्या झाडाशी दबा धरून बसलो. पडलेली फळे खायला तिथे भेकर येई. पहाटे मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून बसायचे उंबराच्या पश्चिमेला. वास त्याच्याकडे जाता कामा नये. बाकीचे धडे आजाने आधीच दिले होते. तोंड आपल्याकडे असेल तर मारायचे नाही. आडवे उभे राहू द्यायचे. त्याची मान झाडाआड गेली की मगच दोरी ओढायची. पुढच्या पायाच्या मागे नेम धरायचा, आणि तिथेही अंग बघायचे नाही, एक केस बघायचा.

भेकर आले. उजाडत होते. मी केस पाहिला नाही. मी शिंगे पाहिली. छातीत असा काही ढोल वाजू लागला की तो भेकराला ऐकू जाईल असे वाटले. ते अजून पुरते आडवे झाले नव्हते, तोच मी दोरी ओढली. आता ओढलीच आहे तर सोडली पाहिजे, एवढे एकच डोक्यात. हात लटपटू लागले आणि मी बाण सोडून मोकळा झालो.

बाणापेक्षा दोरीचा आवाज आधी पोचतो, हे शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. बांबूच्या धनुष्याचा बाण त्याच्या पासंगालाही पुरत नाही. भेकर दबले, वळले, आणि उसळून गेले.

मी धावत सुटणार तोच आजाने मनगट धरले. पानांवरचे रक्त त्याने बोटावर घेतले. फुफ्फुसाचे रक्त फेसाळ असते. हे काळपट होते, आणि त्यात चघळलेला पाला होता.

"पोटात," तो म्हणाला, आणि खाली बसला. लगेच पाठलाग केला तर जखमी जनावर मैलभर पळते, हे मला नंतर कळले. दुपारपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. मग माग काढत गेलो. करवंदीच्या जाळीत ते भेकर सापडले. जिवंत होते. त्याचे डोळे मला अजून आठवतात. पुढचे काम आजाने कोयत्याने केले; मी तोंड फिरवले.

परतताना तो रागावला नाही, हेच मला जड गेले. मी विचारले, "आजा, तुझा हात कसा थरथरत नाही?"

"या उंबराखालून मी सहा दिस नुसताच घरी गेलोय," तो म्हणाला.

त्याच्या घरी चूल पेटण्याची मारामार होती. मला मामांकडे दोन वेळचा वरणभात तयार होता. तरी थांबणे त्याला जमत होते, मला जमले नाही.

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. आज भेकरावर बाण सोडणे हा गुन्हा आहे, आणि ते बरेच झाले. मी मात्र त्याआधीच धनुष्य ठेवून दिले होते.

नातीचे समाधान झाले नाही. "पण आजोबा, बर्लिनला २०२३ साली आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली! नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० घेतले! त्यांना नाही का धडधडत?"

"धडधडत असेल की! टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवत, ते तूच मला दाखवलेस ना? भल्याभल्यांचे वाढलेले होते. तू असे कर, थरथर वाटली की दोरी तशीच परत आण. श्वास सोड. पुन्हा ओढ."

"बाण सोडायला वेळ ठरलेला असतो हो!"

"आजापाशी घड्याळ नव्हते," मी कबूल केले.

संध्याकाळी ती परसात गेली. माडाच्या बुंध्यापाशी गवताचा भारा ठेवला होता. तिने दोरी ओढली, क्षणभर थांबली, आणि बाण न सोडताच हळूच परत आणली. पुन्हा तेच. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं, मारणार आहेस की नाही? चहा निवतोय!"

"थांब गं आजी," ती म्हणाली.