आबांचा खड्डा

परवा दादाचा फोन आला. "गावात जेसीबी येतोय. तो खड्डा सपाट करून वर तळ्यातला गाळ टाकला, तर अर्धा एकर कांदा वाढेल." मी "नको" म्हणालो आणि फोन ठेवला. असं तोडून बोलायला नको होतं. म्हणून हे लिहितोय, घरची मंडळी वाचतीलच.

खड्डा आष्टीजवळच्या आमच्या माळावर आहे. 2012-13 च्या दुष्काळात आबांनी तिथला मुरूम विकला. जनावरांचा चारा आणि ताईचं लग्न त्यातच निघालं. वरची बोटभर माती गेली ती गेलीच. पुढे तिथे कुसळसुद्धा उगवेना, आणि आबा त्या बाजूला जायचेच बंद झाले. बोलले कधी नाहीत.

त्याच शिवारात आम्ही बियाण्यासाठी कांद्याचे डेंगळे लावतो. एका वर्षी गोंडे टपोरे फुलले, बी मात्र निम्मंच. आम्ही औषधं बदलून पाहिली. शेवटी आबाच म्हणाले, "आरं, माश्या कुठायत?"

कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावर नेणारं कुणीतरी लागतं. पण डेंगळे फुलणार महिनाभर. उरलेले अकरा महिने माश्यांनी खायचं काय? बांधावरचं सगळं तर मीच तणनाशक मारून जाळलं होतं. पाठीवर पंप घेऊन, मोठ्या हौसेने!

बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईने झाडं लावली, फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे वृक्षसंमेलनही भरलं. त्या हुरूपात आम्हीही आधी रोपंच लावली. नुसत्या मुरमावर एकही टिकलं नाही. मग खालच्या पायरीपासून सुरुवात केली. उताराला आडव्या दगडांच्या ओळी, त्यांच्यामागे अडकलेल्या मातीत गवत, कुर्डू, रानतुळस, कारळ, तीळ आणि तरवड. बरंचसं बी आबांनी रस्त्याकडेने पिशवीत गोळा केलेलं.

तरवडाला शेळ्या तोंड लावत नाहीत, पाण्यावाचून तो तगतो. आपण ज्याला काडीची किंमत देत नाही, ते तेलंगणाचं राज्यफूल आहे! त्याचे पराग बंद कोषात असतात. भुंगा फुलाला घट्ट धरून थरथरतो, तेव्हा ते टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतात. सकाळी खड्ड्यात उभं राहिलं की ती घूंऽऽ घूंऽऽ ऐकू येते.

गेल्या दिवाळीत आबांनी मला खड्ड्याची उभी कड दाखवली. तिच्यात पेन्सिल जाईल एवढी भोकं. सगळ्याच माश्या पोळं करत नाहीत. एकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या जमिनीत घर करतात, त्यांना अशी उघडी, कोरडी जागाच लागते. जी कड आबांना डोळ्यांसमोर नको होती, तिथेच त्यांनी बिऱ्हाड थाटलं. आबा आता रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसतात.

दादा, तुझा हिशोब चुकीचा नाही. डेंगळ्यांचं बी अजून पूर्वीइतकं येत नाही, थोडं सुधारलंय इतकंच. पण जेसीबी आणण्याआधी एकदा आबांबरोबर तिथे बसून ये. मग तू म्हणशील तसं.

दिवाळीला येणाऱ्या बाकीच्यांनी मात्र लवकर उठायची तयारी ठेवा. आबा खड्डा दाखवायला नेणारच. चहा परत आल्यावर!