कात्री कोणाच्या हातीं?

पुस्तक आणि गाणें यांना मराठी घरांत जी जागा असते ती पाहुण्याची नव्हे, घरच्या माणसाची होय. पाहुण्याची विचारपूस करून आपण मोकळे होतों. घरच्या माणसाशीं मात्र आपण रुसतों, भांडतों आणि त्याच्यावांचून आपलें चालतही नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं जें वाचलें व ऐकलें, त्यानें आमच्या घरांत असाच एक वाद उभा केला. प्रत्येक एकत्र कुटुंबाच्या दाराशीं तो केव्हां तरी येणारा आहे असें वाटल्यावरून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें गांव मोहने. उल्हास नदीच्या कांठीं तें वसलें आहे. स्टेशन आंबिवली, आणि गाडीनें शहाड ओलांडलें कीं कल्याण आलें. येथील रेयॉनचा मोठा कारखाना चालू होता तोंवर गांवाचा दिवस त्याच्या पाळ्यांवर चाले. २००९ सालीं कारखाना बंद पडला, आणि आतां कर्तीं माणसें सकाळच्या लोकलनें जातात तीं दिवेलागणीनंतरच परततात. घरांत चौदा माणसें असूनही साऱ्यांनीं एका पंक्तीला बसण्याचा योग रविवारीं रात्रींच येतो. म्हणून त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर एकानें वाचावें व इतरांनीं ऐकावें, असा नेम आम्हीं घातला आहे. पुस्तकें बहुधा कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयांतून येतात. ही संस्था १८६४ सालची. आमच्या घरची चौथी पिढी आज तेथें वर्गणी भरीत आहे.

यंदा विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हातीं घेतला. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरचें कर्ज फिटावें म्हणून १८५७ सालीं चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल एवढीच त्याची आशा. वाटेंत बंडाची आग पेटली, दक्षिणा बाजूस राहिली, आणि हा गरीब ब्राह्मण झांशीच्या वेढ्यांत सांपडला. मिळालेलें द्रव्य लुटलें गेलें. घरीं आणलें तें गंगेचें पाणी. लिहिणारा योद्धा नव्हे आणि मुत्सद्दीही नव्हे. त्याला भूक लागते, भीति वाटते, आणि तें सांगण्याची त्याला लाज नाहीं. म्हणूनच त्याच्या शब्दावर आपला विश्वास बसतो.

हा मजकूर विष्णुभटांकडून लिहवून घेतला तो चिंतामणराव वैद्य यांनीं, म्हणजे आमच्या कल्याणच्याच विद्वानानें. १९०७ सालीं त्यांनीं तो छापून काढला. परंतु छापतांना भाषेवर संस्कार केले, कांहीं मजकूर बदलला व कांहीं गाळला. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत सुरक्षित राहिलें, आणि १९६६ सालीं दत्तो वामन पोतदार यांनीं तें जसेंच्या तसें प्रसिद्ध केलें. आम्हीं दोन्ही प्रति आणविल्या. थोरल्या सूनबाईनें वैद्यांची प्रत वाचावी आणि कॉलेजांत जाणाऱ्या आमच्या पुतण्यानें पोतदारांची मांडीवर घेऊन ताडून पाहावी, असें ठरलें. मग काय, दर चार पानांनीं ‘वहिनी, थांबा, येथें निराळेंच आहे!’

दुसऱ्या रविवारीं पुतण्या चिडून म्हणाला, ‘माणसानें स्वतः भोगलेलें लिहिलें, त्यावर कात्री चालविण्याचा अधिकार यांना कोणीं दिला?’ वडील काकूंनीं वातीं वळतां वळतां उत्तर दिलें, ‘अरे, राज्य इंग्रजांचें होतें. छापलेंच नसतें, तर तूं आज भांडला तरी असतास कशावरून?’ दोघांचें म्हणणें आम्हांस खरें वाटलें. बंडाची आठवण सरकारास तेव्हांही बोचत होती. पुढच्याच वर्षीं, १९०८ सालीं, लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. वैद्यांच्या कात्रीला हें भय होतें. शिवाय त्यांनीं कापलें, पण मूळ जाळलें नाहीं, हें आम्ही विसरूं नये.

वाचनानंतर आमच्या घरीं थोडें गाणें होतें. अब्दुल करीमखांसाहेब आणि त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांच्या जुन्या तबकड्यांवर आमचें फार प्रेम. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांत संपते. जो राग मैफलींत तासभर फुलावयाचा, तो एवढ्या अवकाशांत मांडावयाचा कसा? खांसाहेबांचें गाणें ऐकावें म्हणजे कळतें. विस्तार आटोपता घेतला आहे, पण सूर उतावळा नाहीं. जणूं वेळ भरपूर आहे. येथेंही कात्री चाललीच. मात्र ती गवयाच्या स्वतःच्या हातीं होती. काय ठेवावें व काय सोडावें हें ज्याचें गाणें त्यानेंच ठरविलें.

घरांतील मुलांच्या कानांत हल्लीं इअरफोन असतात. त्यांची आवड वाईट नाहीं. त्यांनीं ऐकविलेलीं कित्येक गाणीं आम्हांसही आवडलीं. परंतु तेथें कात्री ऐकणाऱ्याच्या हातीं आली आहे. दहा क्षणांत मन रमलें नाहीं कीं गाणें पुढें ढकललें. रविवारीं चौदा माणसांत बसलें म्हणजे न आवडणारेंही शेवटपर्यंत ऐकावें लागतें, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळीं तेंच आवडूं लागतें. हा लाभ एकट्याच्या कानाला होत नाहीं.

हें सर्व मनांत घोळत असतांनाच आजीची वही निघाली. आजीच्या जन्माला सव्वाशें वर्षें होत आहेत, त्या निमित्तानें तिची वही छापून नातलगांना द्यावी असें ठरलें होतें. वहींत लोणच्याचीं प्रमाणें, दूधवाल्याचा हिशेब, मुलांच्या जन्मवेळा. आणि मध्येंच अकरा पानें तिच्या नणंदेवर. चौदाव्या वर्षीं वैधव्य येऊन ती माहेरीं परतली. तिचें केशवपन कसें झालें, आजीनें रात्रीं माजघरांत तिला अक्षरें कशीं शिकविलीं, आणि तें उघडकीस आल्यावर घरच्या वडीलधाऱ्यांनीं पाटी कशी फोडली, हें सारें त्यांत आहे. वडील काका म्हणाले, ‘हीं पानें गाळा. आपल्याच आजोबांचे वाभाडे आपण काढावे काय?’

काकांचा शब्द आमच्या घरांत मोडला जात नाहीं. तरीही आम्हीं एवढेंच विचारलें, ‘काका, वैद्यांना सरकारचें भय होतें. आपणांस कोणाचें?’ ते उगे राहिले. पुतण्या मात्र हळूच म्हणाला, ‘हें लिहिल्यावर पणजीबाई तीस वर्षें होत्या. हिशेबाच्या चुका त्यांनीं खोडल्या आहेत. हीं पानें ना खोडलीं, ना फाडलीं.’ म्हणजे कात्री आजीच्या हातीं होती, आणि तिनें ती चालविली नव्हती.

काकांनीं तीं पानें पुढच्या रविवारीं मोठ्यानें वाचावयास सांगितलीं. सूनबाईनें वाचलीं. पाटी फुटल्यावर शिकवणें थांबलें नाहीं. चुलीपुढच्या राखेंत बोटानें अक्षरें काढून दोघी पुढें गेल्या, असें शेवटच्या पानावर होतें. काकांचा चष्मा हातांत आला. ‘मला श्री गिरवावयास तिनेंच शिकविलें,’ ते म्हणाले. ‘तिला कोणीं शिकविलें हें मी कधीं विचारलें नाहीं.’

वही पुरी छापली जात आहे. काकांनीं एकच अट घातली. आजीनें रीतीप्रमाणें सर्वत्र ‘वन्सं’ एवढेंच लिहिलें आहे. नांव कोठेंच नाहीं. तें नांव आतां घरांत एकट्या काकांना ठाऊक होतें. तें त्यांनीं स्वतःच्या हातानें पहिल्या पानाखालीं लिहून दिलें आहे. जुन्या लिखाणाला वडिलांचा हात लागावयाचाच असेल तर तो असा लागावा.