गाडीचे पाठभेद

जुन्या वस्तूंवर जीव लावणारी माणसे दोन जातींची असतात. पहिल्या जातीला वस्तू जुनी हवी असते, पण दिसायला ती नवीकोरी हवी असते. दुसऱ्या जातीला ती कशीही दिसली तरी चालते. मात्र ती चालली पाहिजे. समई, बाजाची पेटी, आजोबांचे खिशातले घड्याळ असल्या वस्तू असल्या, म्हणजे या दोन्ही जाती एका घरात सुखाने नांदतात. पहिलीने समई घासून लखलखीत करावी आणि दुसरीने ती लावावी. भांडण लागते ते जुन्या मोटारीपाशी. मोटार जपायची तर ती झाकून ठेवावी लागते, आणि चालवायची तर रोज थोडीथोडी झिजवावी लागते. आमच्या घरात पहिल्या जातीचे प्रतिनिधी माझे थोरले बंधू आहेत आणि दुसऱ्या जातीचा मी. वडील गेले त्याला दोन वर्षे झाली. तेव्हापासून पुणे आणि पाचोड यांच्या दरम्यान आमचा हा वाद दूरध्वनीवरून अखंड चालू आहे.

वादाचा विषय आहे 1966 सालची एक स्टँडर्ड हेरल्ड गाडी. वडील पाचोडला डॉक्टरकी करीत. 1976 साली त्यांनी ही गाडी औरंगाबादच्या एका स्नेह्याकडून जुनीच विकत घेतली आणि आडूळ, दावरवाडी, विहामांडवा अशा गावांचे रोगी तिच्यात बसून पाहिले. आमचे गाव मोसंबीचे. हंगामात बाजारात मोसंबीचे ढीग लागतात, सोलापूर रस्त्यावर मालमोटारींची रांग लागते, आणि या साऱ्या गडबडीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही साठी ओलांडू पाहणारी बाई शांतपणे बसलेली असते. पानांशी संबंध असलेल्या माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाच्या हाती पाना आला तो तिच्यामुळे.

बाईचे कूळ मात्र मोठे आहे. इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे 1959 साली ट्रायंफ हेरल्ड जन्माला आली. तिचा घाट मिकेलोत्ती नावाच्या इटालियन कारागिराने आखला होता. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1961 पासून 1971 पर्यंत ती आपल्याकडे बनवली. इंग्लंडात 1962 साली याच हेरल्डचा सांगाडा आखूड करून, त्यावर दोन माणसांपुरते बुटके अंग चढवून एक स्पोर्ट्‌स कार काढली. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या लढाऊ विमानाचे नाव तिला दिले: स्पिटफायर. ती 1980 पर्यंत तीन लाखांवर खपली. म्हणजे जगभर हौशी लोक रविवारी आपल्या घरच्या गॅरेजमध्ये जिच्याखाली पाठीवर आडवे पडलेले असतात, तिची आमची हेरल्ड ही सख्खी थोरली बहीण. धाकटी नाटकात गेली आणि थोरली संसारात पडली, एवढाच काय तो फरक.

घरच्या घरी दुरुस्त करायला या बहिणींइतकी सोयीची गाडी क्वचितच निघाली असेल. त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. कंपनीने हेरल्ड काढायची ठरवली तेव्हा मोटारीचे अंग सबंध ठोकून देणारा मोठा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेला होता. मग कंपनीने खाली स्वतंत्र लोखंडी चौकट ठेवली आणि अंगाचे निरनिराळे भाग ठिकठिकाणी करून घेऊन ते तिच्यावर बोल्टांनी आवळले. अडचणीतून निघालेली ही युक्ती मालकांच्या पथ्यावर पडली. पुस्तकाची शिवण उसवून फर्मे सुटे करावेत, तशी ही गाडी सुटी करता येते. पुढचे बॉनेट तर चिखलपंख्यांसकट आख्खेच्या आख्खे पुढे कलंडते. चाकावर बूड टेकून बसावे आणि इंजिनाशी गप्पा माराव्यात! शिवाय ती 25 फुटांच्या वर्तुळात वळते. आमच्या गल्लीत बैलगाडीखेरीज हे कोणाला साधत नसे.

सोयीची असली तरी बाई मानी आहे. पुढच्या चाकांच्या सांध्यात, ज्याला ट्रनियन म्हणतात, काशाचा एक मळसूत्री तुकडा असतो. चाक वळते तसा पोलादी खांब त्यात फिरतो. आपल्याकडे सांधा दिसला की ग्रीस भरायचे, हा सर्वसाधारण धर्म. परंतु इथे ग्रीस चालत नाही. जाड गिअर ऑइल लागते. ग्रीस आटे गच्च धरून बसते, तळापर्यंत पोचत नाही, आतले पोलाद गंजते आणि एके दिवशी खांब मोडून चाक बाहेर लोळण घेते. स्पिटफायरचाही हाच रोग. वडिलांनी शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते: ‘सांध्याला तेल. ग्रीस नव्हे.’ आज मी पाडव्याला आणि दसऱ्याला तेलाची पिचकारी घेऊन खाली सरपटतो, ते त्या शिलालेखाच्या आज्ञेवरून.

अलीकडे पेट्रोलचे एक नवेच प्रकरण निघाले आहे. 2025 पासून पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आमचा तालुका उसाचा. तेव्हा आपल्याच मातीतला रस आपल्याच गाडीच्या पोटात जातो, याचे मला खरे तर कौतुक वाटायला हवे. पण 1966 सालचे रबर या पाहुण्याला ओळखत नाही. नळ्या फुगतात, पेट्रोल-पंपाचा पडदा मऊ पडतो, टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सुटून कारबोरेटरात येतो. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणे हेच तिला बाधते. जुन्या नळ्या काढून आम्ही इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, पडदा बदलला, आणि आता मी दर आठवड्याला तिला आडूळपर्यंत फिरवून आणतो. दुसऱ्या जातीच्या माणसाला याहून चांगले निमित्त कोणते मिळणार?

पण वाद नळ्यांचा नाही. नळ्या बदलायला बंधूंची ना नाही. वाद आहे तो वडिलांचा.

हेरल्ड बंद झाल्यावर तिचे सुटे भाग हळूहळू दुर्मिळ होत गेले. पाचोडला तर ते कधीच मिळत नव्हते. वडिलांनी मग जे हाती लागले त्याने गाडी चालू ठेवली. तिचा हॉर्न ट्रॅक्टरचा आहे. काच पुसणाऱ्या दांड्यांची मोटार फियाटची. समोरची फळी कुजली तेव्हा गावच्या सुताराने सागवानी बसवून दिली आणि आपल्या आवडीने तिच्या कडेला वेलबुट्टी काढली. प्रत्येक बदलाची नोंद वडिलांच्या वहीत आहे. रोग्याच्या केसपेपरसारखी, तुटक. ‘सेल्फ लागत नाही. धक्का मारून सुरू.’ ‘पाटा बसला. पान जास्तीचे घातले.’ त्यातच 1983 च्या श्रावणातली एक नोंद आहे: ‘विहामांडवा. ॲक्सिलरेटरची दांडी तुटली. सायकलचा स्पोक. मुलगा, साडेसहा पौंड.’

या चार वाक्यांमागची हकिकत आई सांगते. रात्री एक शेतकरी सायकल मारीत आला. बायको अडली होती. वडिलांनी त्याला गाडीत घेतले आणि सायकल टपावर बांधली. वाटेत पावसात दांडी तुटली. इंजिन चालू, पण पाय दाबला तरी जोर घेईना. तेव्हा त्या माणसाने आपण होऊन सायकलच्या चाकातला स्पोक उपसून दिला. वडिलांनी तो दुहेरी वाकवून अडकवला आणि गाडी निघाली. तो स्पोक पुढे कधी बदलला गेला नाही. त्या रात्री जन्मलेला मुलगा आज चाळिशी ओलांडलेला बागायतदार आहे. दर हंगामाला मोसंबी घेऊन बाजारात आला की घरी डोकावतो, बॉनेट उघडायला लावतो, स्पोक पाहतो आणि चहा घेऊन जातो. चहाचा त्याला एवढा आग्रह नसतो.

बंधूंचे म्हणणे असे की हे सर्व काढून टाकावे. इंग्लंडात हौशी मंडळींच्या जोरावर या गाड्यांचे भाग आजही नव्याने तयार होतात. मागवले तर टपालाने घरी येतात. एकेक भाग मूळचा आणावा, रंग खरवडून मूळचा द्यावा, आणि मुंबई-पुण्याच्या मेळाव्यांत गाडी अशी उभी करावी, की पाहणाऱ्याने म्हणावे, आत्ताच मद्रासहून निघाली! दिल्लीत ‘स्टेट्समन’च्या मेळाव्याची परंपरा तर 1964 पासूनची. सरकारचेही या मंडळींकडे लक्ष गेले आहे. जुलै 2021 मध्ये नियम झाले: गाडी पन्नास वर्षांहून जुनी असावी, तिची चौकट, अंग आणि इंजिन यांत फेरफार झालेला नसावा, मग तिची व्हिंटेज म्हणून दहा वर्षांची नोंदणी होते. मोटारीचे शास्त्री व्हिंटेज हा शब्द 1930 च्या आतल्या गाड्यांनाच वापरतात, पण सरकारदरबारी आमची बाईसुद्धा त्या पंक्तीला बसू शकते. मात्र त्या नोंदणीने गाडी नित्य रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, शर्यतवजा मेळावे, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर पडायची. थोडक्यात, सोवळ्यातली गाडी.

एकदा बंधूंनी माझ्यावर माझेच अस्त्र सोडले. “तू वर्गात शिकवतोस ना, नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली म्हणून? मग मी काय वेगळे करायला सांगतोय?”

मला क्षणभर उत्तर सुचेना. पैठण आमच्या तालुक्याचे ठिकाण. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात उतरली गेली, आणि उतरणाऱ्यांनी तिच्यात नकळत आणि जाणूनही आपले शब्द घातले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ती पुन्हा शुद्ध केली आणि यापुढे कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावून ठेवले. बंधूंचा दृष्टान्त बिनतोड होता. आमच्या हेरल्डमध्येही पदरच्या ओव्या काही कमी नाहीत.

चार दिवस विचार केल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली ही, की ग्रंथात पाठभेद शिरतात ते तो वाचला जातो म्हणून. जी पोथी कोणी उघडलीच नाही, तिच्यात अशुद्ध काय होणार? नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती लोकांनी वाचावी म्हणून. रेशमी रुमालात बांधून खुंटीला टांगावी म्हणून नव्हे. दुसरी गोष्ट अशी, की एक प्रत शुद्ध केली म्हणून बाकीच्या प्रती नाहीशा होत नाहीत. आजचा संपादक तर टाकलेले पाठही तळटीपांत छापतो. न जाणो, उद्या कोणाला त्यांतच काही सापडेल. गाडीची मात्र एकच प्रत असते. तिच्यातून काढलेला पाठ भंगारात जातो आणि वितळतो.

गावात सत्तरीचे एक मिस्त्री आहेत. सारे गाव त्यांना चाचा म्हणते. वडिलांच्या हाताखाली पाने देतादेता ते या गाडीपुरते निष्णात झाले. बंधूंनी पाठवलेली भागांची लांबलचक यादी मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, हात कापसाच्या बोळ्याला पुसले आणि म्हणाले, “सर, ये आधी गाडी कंपनी की है, आधी डॉक्टरसाब की. कौनसी रखनी है, वो तुम भाई-भाई देख लो.”

तेव्हा आम्ही भाऊ-भावांनी पाहिले. भांडणारे दोघे शहाणे असले तर वाटणी होऊ शकते. ज्या भागांवर जीव अवलंबून आहे, ते सर्व मूळ बरहुकूम आणायचे असे ठरले: ब्रेक, ट्रनियन, सुकाणूचे सांधे. तिथे वडिलांचीसुद्धा भीड धरायची नाही. तेही कोणाची धरत नसत. स्पोकच्या जागी मूळची दांडी बसवायची की नाही, यावर बरीच खडाजंगी झाली. शेवटी चाचांनी निकाल दिला: दांडी नवी, आणि स्पोक तिच्या शेजारी त्याच जागेत तारेने बांधून. पाठ बदलला, पण तळटीप राहिली. हॉर्न आणि सागवानी फळी यांना बंधूंनी नाइलाजाने अभय दिले. नोंदणी मात्र मी साधीच ठेवली, दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागणारी. तिच्यात मिरवण्यासारखे काही नाही, पण गाडी बाजारात नेता येते.

आता रंगाचा प्रश्न उरला आहे. मूळचा रंग चार थरांखाली आहे आणि वहीत त्याबद्दल एक अक्षर नाही. डॉक्टरांना गाडीच्या कातडीपेक्षा आतड्यांत अधिक रस होता. दिवाळीत बंधू येणार आहेत. येताना इंग्लंडचे पार्सल आणतो म्हणाले. मग जरा थांबून, अगदी सहज विचारल्यासारखे त्यांनी विचारले, की विहामांडव्याचा रस्ता सध्या कसा आहे? मी म्हटले, चांगला आहे; भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जाऊ. त्या बागायतदारानेही बोलावले आहे.

जाताना चालवायची कोणी, यावर परवापासून नवा वाद सुरू झाला आहे.