बँकॉकचे चार दिवस

बँकॉकला निघालो आहोत असे सांगितले की ऐकणारा आधी डोळे मिचकावतो, मग हसतो. आमच्या कार्यालयातही तसेच झाले. "सहकुटुंब?" असे एकाने विचारले आणि "होय, सहकुटुंब" म्हटल्यावर त्याचा चेहराच पडला. पुरुषांच्या सहलींनी त्या शहराचे नाव आपल्याकडे असे बदनाम करून ठेवले आहे. पण ज्या देशात दहा माणसांतली नऊ बौद्ध आहेत, त्या देशाची राजधानी आपल्या माणसांनी, तीही जोडीने, पाहू नये काय?

खर्चाचे आधी सांगतो, कारण वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो. कर्मचाऱ्यांच्या पतपेढीत दरमहा दोन हजार याप्रमाणे तीन वर्षे साठवलेले पैसे आम्ही काढले. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना काही काळासाठी व्हिसाची सूट दिली होती, तेवढी फी वाचली. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही उभयता निघालो. सामानात दोन दिवसांच्या चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक चीवर होते. हे चीवर आमच्या वस्तीतील महिला मंडळाने दिले होते. धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, सफाई खात्यात राबणाऱ्या बावीस उपासिकांनी वर्गणी काढली आणि आमच्या सहचारिणींना बजावले, "बौद्ध देशातल्या भंतेंना तू स्वतःच्या हाताने दे. आमचे सगळ्यांचे हात त्यात आहेत, असे समज."

विमानाला साडेचार तास लागले. घड्याळ दीड तास पुढे करावे लागले. विमानतळाचे नाव 'सुवर्णभूमी'. तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर सोण आणि उत्तर हे दोन स्थविर सुवर्णभूमीला धाडले गेले, असे महावंसात आहे. बुद्धविहारातल्या प्रवचनात ऐकलेले नाव विमानतळाच्या पाटीवर पाहून आमच्या सहचारिणी थबकल्याच. पुढे दुकानाच्या पावतीवर सालही २५६७ पाहिले. आपण लग्नपत्रिकेवर हौसेने बुद्धाब्द छापतो. तेथे तो रोजच्या हिशेबात आहे.

आमचा मुक्काम याओवारात या चिनी पेठेत, एका साध्या लॉजवर होता. गर्दीची आम्हाला भीती नव्हती, मुंबईच्या लोकलने ती केव्हाच घालवली आहे. पण ही गर्दी निराळी होती. रस्ता मोटारींनी तुंबलेला, तरी हॉर्न क्वचितच ऐकू येई. डोक्यावरून खांबांवरची रेल्वे, खाली नारिंगी जाकिटे घातलेले मोटारसायकलवाले, पदपथावर शेगड्या पेटलेल्या. त्या शेगड्यांवर बहुतेक बायकाच होत्या. कच्ची पपई, मिरची, शेंगदाणे उखळीत कुटून एक बाई कोशिंबीर करून देत होती. आपल्या खलबत्त्याचाच आवाज! चाओ फ्राया नदीतल्या प्रवासी बोटीवर तिकिटे फाडणारीही बाईच. हातातली पत्र्याची लांब नळी खुळखुळवत ती गर्दीतून अशी वाट काढी, की पुरुष आपोआप बाजूला सरत. "बघा, कोणाला दाजी-भाऊ म्हणावं लागत नाही तिला," असे आमच्या सहचारिणी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला लॉजखाली उतरलो. अनवाणी भिक्खू ओळीने पिंडपाताला निघाले होते. इस्त्रीचे कपडे घातलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक तरुण मुलगी चपला काढून वाकली, पात्रात भात आणि भाजीची पिशवी ठेवली आणि गुडघ्यांवर बसून हात जोडले. भिक्खूंनी पालीत आशीर्वाद म्हटला. उच्चार वेगळे होते, 'बुद्धं'चे 'फुत्थंग' झाले होते, पण शब्द आपलेच. मुलगी उठली, चपला घातल्या आणि कामावर गेली. आमच्या सहचारिणींनीही कोपऱ्यावरून भाताची पुडी घेतली आणि पात्रात ठेवली. कोणी नाव विचारले नाही, आडनाव विचारले नाही. कोण, कुठले, केव्हा झालात बौद्ध, हे प्रश्न येथे उरलेच नव्हते. आम्ही दोघेही पुढे बराच वेळ काही बोललो नाही.

त्याच दिवशी वाट फो पाहिले. ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच अशी ती पहुडलेली बुद्धमूर्ती एका नजरेत मावत नाही, खांबांच्या मधून तुकड्यातुकड्याने पाहावी लागते. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगल चिन्हे आहेत. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे सात मीटरांची. ती अंधारात, एकटी. येथे माणसांची रीघ आणि पितळी भांड्यांत पडणाऱ्या नाण्यांचा टणटणाट. शहरात आणखीही काही दिसले. इमारतींपुढे भुताखेतांसाठी छोटी घरकुले, त्यांच्यापुढे लाल सरबताच्या बाटल्या, वर नळी घालून ठेवलेल्या. नदीकाठच्या बाजारात भिंग लावून ताईत पारखणारे लोक. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हे रुचणारे नाही. तरी आम्ही पाहुणे होतो, पाहत राहिलो.

तिसऱ्या दिवशी विदर्भाकडचे एक भंतेजी आमच्यासोबत आले. १८८७ साली स्थापन झालेल्या तेथील महाचुलालोंगकोर्न या बौद्ध विद्यापीठात ते पाली शिकत होते. त्यांच्याबरोबर आम्ही एका विहारात चीवर द्यायला गेलो. वृद्ध भिक्खू प्रसन्न चेहऱ्याने बसले होते. आमच्या सहचारिणी दोन्ही हातांवर चीवर घेऊन पुढे सरकल्या. तेवढ्यात त्या भिक्खूंनी एक हातभर कपडा आपल्यापुढे पसरला, त्याचे एक टोक स्वतः धरले आणि चीवर त्या कपड्यावर ठेवण्याची खूण केली.

सहचारिणींचे हात तसेच अधांतरी राहिले. मग त्यांनी चीवर कपड्यावर ठेवले, तीनदा वंदन केले आणि बाहेर आल्या. पायरीवर बसून म्हणाल्या, "माझी आजी विहिरीवर ओंजळ धरून उभी राहायची. वरून पाणी ओतायचे. मला तीच दिसली."

भंतेजींनी समजावले, "उपासिके, हा विटाळ नव्हे. भिक्खूने स्त्रीला स्पर्श करू नये, या विनयाच्या नियमावरून इथे ही रीत पडली. श्रीलंकेत, ब्रह्मदेशात ती नाही. आपल्याकडेही भंते हातातून दान घेतात. इथे राजघराण्यातली स्त्री आली तरी कपडाच पसरतात. यात जातीचा, जन्माचा काही संबंध नाही."

"जातीचा नाही, हे पटलं," सहचारिणी म्हणाल्या. "पण भंतेजी, बाई होणं हे तरी जन्मावरूनच की. नियम भिक्खूंच्या मनासाठी आहे, मग कपडा माझ्या हातापुढे का?"

भंतेजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हा प्रश्न इथल्या बायकाही विचारतात." त्यांनी सांगितले ते आम्हाला नवे होते. १९२८ साली तेथील संघप्रमुखांनी स्त्रियांना दीक्षा देण्यास भिक्खूंना मनाई केली. त्यामुळे मुंडन करून, पांढरी वस्त्रे नेसून आठ शीले पाळणाऱ्या स्त्रिया विहारांतून दिसतात, पण त्यांना भिक्खुणी मानत नाहीत. तरीही प्राध्यापकी केलेल्या चात्सुमार्न कबिलसिंग या विदुषी श्रीलंकेत गेल्या आणि २००३ साली उपसंपदा घेऊन भिक्खुणी धम्मानंदा झाल्या. बँकॉकच्या पश्चिमेला नखोन पथोम येथे त्यांचा विहार आहे. महाप्रजापती गौतमीला तथागतांनी संघाचे दार उघडून दिले होते. ते दार पुन्हा उघडायला बाईलाच परदेशी जावे लागले.

त्या रात्री नदीकाठी बसून आम्ही बाबासाहेबांचा १९५१ सालचा 'महाबोधि' मासिकातला लेख आठवला. हिंदू स्त्रीची उन्नती आणि अवनती हा त्याचा विषय. स्त्रियांकडे पाहूही नका, असे बुद्धाने आनंदाला सांगितल्याचा जो उतारा दाखवला जातो, तो मागाहून घुसडलेला असावा, असे बाबासाहेबांनी त्यात युक्तिवादाने मांडले आहे. विशाखेच्या, आम्रपालीच्या घरी जाणारा बुद्ध तसे कसे सांगेल? ग्रंथात लिहिले आहे म्हणून मान तुकवायची नाही, तपासायचे, हे बाबासाहेबांनी शिकवले. सहचारिणींनी विहाराच्या पायरीवर तेच केले, असे आम्हाला वाटते.

चौथ्या दिवशी निघण्याआधी लॉजजवळचे वाट त्रैमित पाहिले. तेथील साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती कित्येक वर्षे चुन्याच्या गिलाव्याखाली झाकलेली होती. १९५५ साली ती हलवताना गिलावा फुटला आणि आतले सोने दिसले. सहचारिणी मूर्तीपुढे बराच वेळ बसल्या. उठताना एवढेच म्हणाल्या, "गिलावा कोणी दिला, ते कळायला पाहिजे."

घरी आल्यावर महिला मंडळाची बैठक भरली. कपड्याचे सांगावे की नाही, यावर घरात आमची चर्चा झाली होती. सहचारिणींनी सगळे सांगितले. पहाटेची ती ऑफिसातली मुलगी, बोटीवरची बाई आणि तो कपडाही. विहारात शांतता पसरली. मग सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या एक आजी म्हणाल्या, "चीवर पोचलं ना? झालं तर. पुढचं त्या भिक्खुणीला द्यायचं. तिच्यापुढं कपडा नसंल."

२०२४ च्या वर्षावासात मंडळाने पुन्हा वर्गणी सुरू केली. आमच्या सहचारिणींनी पतपेढीत या वेळी स्वतःच्या नावाने खाते उघडले. नखोन पथोमला जायला बँकॉकहून किती वेळ लागतो, हे त्यांनी भंतेजींना पत्र लिहून विचारून घेतले आहे.