क्रीम चीजच्या जागी चक्का



पुण्याला नोकरी करणारी माझी मुलगी या वेळी धामणगाव बढेला येताना छोटा ओव्हन घेऊन आली. मोबाइलवर तिने रुगलाख नावाची बिस्किटं पाहिली होती. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांतला हा पदार्थ. अमेरिकेत गेल्यावर तिथल्या बायका पारी क्रीम चीजमध्ये भिजवू लागल्या. पारी लाटायची, सारण पसरायचं, तिकोनी तुकडे कापून गुंडाळायचे आणि भाजायचे. मी म्हटलं, ही तर आपल्या करंजीची भाजलेली बहीण!

पण खाणार कोण? सासूबाईंचा शोधाचा नियम आहे. नात दरवेळी काही ना काही आणते, त्या तिच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि डबा आमच्याकडे सरकवतात. "आजी, माझ्या हातचं तू कधी खाणार?" असं ती एकदा बोलून गेली, ते माझ्या मनात राहिलं होतं.

मग आम्ही दोघींनी एकेक जिन्नस तपासला. क्रीम चीजमध्ये कधी कधी रेनेट असतं. ते वासराच्या जठरातूनही काढतात. आपल्याकडे हिरवा ठिपका पाहता येतो, पण विकतचं शोधात बसतच नाही. म्हणून चक्का. लोणी वर्ज्य, म्हणून थिजलेलं साजूक तूप. मैदा कधी दळला ते कळत नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस, म्हणून गहू निवडून घरी दळले आणि कणीक वस्त्रगाळ केली. मुलीला पुरणाचं सारण सुचलं होतं. पण दह्याला डाळ लागली की द्विदल झालं! शेवटी सुकं खोबरं, पिठीसाखर, अक्रोड, चारोळी आणि वेलची ठरली. खसखस आमच्याकडे बहुबीज म्हणून घालत नाहीत.

प्रमाण असं: कणीक 250 ग्रॅम, तूप 150 ग्रॅम, चिमूटभर मीठ. तूप कणकेत बोटांनी चोळायचं, मग चक्का लागेल तसा, साधारण दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की पारी चिवट होते. मूळ कृतीत गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. आपल्याला तो वासी चालत नाही, म्हणून ओल्या फडक्याखाली तासभर गार जागी ठेवला. 180 अंशांवर 20 ते 25 मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत भाजायचं. लाईट गेली तर जाड कढईत मीठ तापवून, वर जाळी ठेवून झाकणाखाली भाजता येतं. वेळ थोडा जास्त लागतो.

त्या दिवशी पोरीने सकाळी आंघोळ करून धुतलेले कपडे घातले, पाणी गाळलं आणि चुलीपाशी मला उभंही राहू दिलं नाही. तीनच्या सुमाराला ताटली आजीपुढे गेली. सासूबाईंनी हात लावायच्या आधी विचारलं, "दही कधी लावलं?"

"काल संध्याकाळी, दिवस असताना. सकाळी टांगलं."

"पीठ?"

"परवाचं, आजी. तूप घरचं."

"दिवस किती उरलाय?"

"भरपूर!"

सासूबाईंनी णमोकार म्हटला आणि एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला. मग म्हणाल्या, "साखर जरा कमी चालली असती." आणि दुसरी उचलली. पोरगी आत येऊन माझ्या पदराला डोळे पुसत होती.

नियम म्हणजे अडचण, असं आपल्या मुलींना वाटतं, कारण आपण त्यांना फक्त "नाही" सांगतो. का नाही आणि त्याजागी काय, हे सांगितलं की त्या स्वतःच वाट काढतात.

एक लक्षात ठेवा. दह्यात भिजवलेली ही बिस्किटं शोधाच्या ताटात दुसऱ्या दिवशी चालत नाहीत. म्हणून घाणा लहानच करा, आणि उरतील ती दिवस मावळायच्या आत शेजारी वाटून टाका.