मॅक्स श्रेक नट होता

'नोस्फेराटू' मी पहिल्यांदा पाहिला तो होस्टेलवर, मित्राच्या फोनवर, दिवे बंद करून. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा १९२२ सालचा मूकपट. सुरू व्हायच्या आधीच मी सगळ्यांना ऐकवलं, "यातला व्हॅम्पायर खराखुरा होता म्हणे." कुठंतरी वाचलेलं. पुरावा म्हणून नटाचं नाव होतंच: मॅक्स श्रेक. 'श्रेक' म्हणजे जर्मनमध्ये धसका. असं आडनाव कुणाचं असतं का?

मग काऊंट ऑर्लोक आला. टक्कल, टोकदार कान, उंदरासारखे पुढचे दोन दात. जहाजावरच्या शवपेटीतून तो फळीसारखा ताठ उभा राहिला, तेव्हा आमची चेष्टामस्करी थांबली. पुढं कित्येक वर्षं मी ती अफवा सांगत राहिलो. २००० साली तर तिच्यावर अख्खा सिनेमाच आला होता, 'शॅडो ऑफ द व्हॅम्पायर'. त्यात मुर्नाऊ खऱ्या व्हॅम्पायरलाच नट म्हणून आणतो.

नंतर मी एका एकांकिकेत दारुड्या बापाचं काम केलं. तीन महिने तालीम. प्रयोग संपल्यावर एकजण पाठीवर थाप मारून म्हणाला, "खरं सांग, पिऊन आला होतास ना?" तो कौतुकच करत होता. मी हसलो. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. तीन महिन्यांची मेहनत त्यानं एका क्वार्टरच्या नावावर टाकली होती. आणि एकदम श्रेक आठवला. त्याच्याशी मी हेच करत आलो होतो.

मग शोधलं. श्रेक हे त्याचं खरंच आडनाव. जन्म १८७९, बर्लिन. पक्का नाटकवाला. मॅक्स राइनहार्टसारख्या दिग्दर्शकाकडे काम केलेला. ज्या वर्षी 'नोस्फेराटू' आला, त्याच वर्षी म्युनिकमध्ये तरुण ब्रेख्तच्या 'ड्रम्स इन द नाइट'च्या पहिल्या प्रयोगात तो दारूच्या गुत्त्याचा मालक झाला होता. १९३६ साली म्युनिकमध्येच तो गेला. आदल्या संध्याकाळी तो रंगमंचावर होता, दुसऱ्या नटाच्या बदली.

परवा सिनेमा पुन्हा पाहिला. या वेळी भुताऐवजी नट शोधत होतो. खांदे वर चढवलेले, हात अंगाला चिकटलेले, फक्त बोटं पसरलेली. एका दृश्यात ऑर्लोक स्वतःची शवपेटी काखेत मारून ओसाड गावातून घर शोधत फिरतो. हमाल म्हणा की नवा भाडेकरू. हसू यावं असं दृश्य, पण येत नाही, कारण श्रेक ते अजिबात हसण्यावारी नेत नाही.

हेही टिकलं नसतं. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वरून परवानगी न घेता सिनेमा काढला म्हणून त्याची विधवा कोर्टात गेली आणि १९२५ साली सगळ्या प्रिंट नष्ट करायचा आदेश निघाला. काही प्रिंट त्यातून सुटल्या. श्रेकचं काम वाचलं, पण श्रेय भुताला गेलं.

शेवटी सूर्य उगवतो आणि ऑर्लोक धूर होऊन विरतो. होस्टेलवर इथं आम्ही श्वास रोखला होता. आता मला वाटतं, हा शॉट झाल्यावर त्यानं कान उतरवले असतील, घासूनपुसून तोंड धुतलं असेल आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाची वेळ विचारून तो घरी गेला असेल.