एक पुस्तक की तीन?

‘द रिअल बुक’ घ्यायचं, हे पक्कं. प्रश्न एवढाच, की एक घ्यायचं की तीन? नगरच्या सावेडीत आज त्यावर बराच खल झाला. 1970च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या पोरांनी चोरून छापलेलं हे जॅझच्या चालींचं बाड. रीतसर परवानगीनं हॅल लिओनार्ड या प्रकाशन संस्थेनं ते काढलं 2004 मध्ये. मला ते बंदिशींच्या वहीसारखं वाटतं. पानावर नुसती चाल आणि वर कॉर्डची नावं, बाकी ज्यानं त्यानं जागेवर रचायचं. बिग बँडच्या नोटेशनचे तयार संच मात्र सोळा-सतरा जणांचे. आम्ही तिघं, ते घेऊन करायचं काय?

अडचण आमच्या तीन वाद्यांची आहे. कीबोर्डवर सी वाजतो, तेव्हा तोच सूर ट्रम्पेटच्या कागदावर डी असतो आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ए. म्हणून सी, बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा वेगळ्या आवृत्त्या. लग्नाच्या बँडमधले आमचे ट्रम्पेटवाले काका म्हणाले, “कागद कशाला? सूर सांगा, वाजवतो.” वाजवतातही! पण कॉर्ड भराभर बदलायला लागल्या की तेच कागदात डोकावतात.

आपल्या जिल्ह्याला हे संगीत परकं नाही. संगीतकार सी. रामचंद्र इथल्याच पुणतांब्याचे, आणि ‘अलबेला’त (1951) त्यांच्या साथीला चिक चॉकलेटचा ट्रम्पेट होता. चिकसारखे गोव्याचे कितीतरी वादक चर्चच्या शाळेत नोटेशन गिरवून मुंबईला आलेले.

तर, तीन पुस्तकं. पहिल्या बैठकीला बी फ्लॅटमधला बारा बारांचा ब्लूज घेऊ. ट्रम्पेटला तो सी मध्ये दिसतो. काकांची कुरकुर तेवढीच कमी.